गोव्यातून पहिल्या आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेला जाताना : पालक आणि खेळाडूंसाठी

फोंड्यातल्या आमच्या क्लबमधल्या मुलांचे कागद सांभाळायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि मग एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मेहनतीला फळ आलं तर परदेशातली स्पर्धा. मॅटवर काय करायचं ते शिकवायला सेन्सेई असतात. मॅटपर्यंत पोचायचं कसं, हे मात्र ज्याचं त्याने धडपडत शोधायचं. गोव्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणारे ज्युदोका अजून मोजकेच, त्यामुळे शेजारीपाजारी विचारावं तर तिथेही कोणाला माहीत नसतं.

पहिल्याच परदेशी स्पर्धेत मूल पहिल्या फेरीत हरलं तर काही बिघडत नाही. जपान, उझबेकिस्तान, जॉर्जियाच्या मुलांसमोर उभं राहण्यातच ते खूप शिकतं. पण वजनकाट्यावर, गीच्या म्हणजे ज्युदोच्या पोशाखाच्या आखूड बाहीवर किंवा पासपोर्टातल्या एका अक्षरावर बाहेर पडावं लागलं, तर ते फार लागतं. आणि या तिन्ही गोष्टी घरबसल्या टाळता येतात. म्हणून खाली त्यांच्यावरच जास्त लिहिलं आहे.

१. स्पर्धा खरी कुठली, ते आधी बघा

पत्रकावर ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप’ छापायला कोणाची परवानगी लागत नाही. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ साली सारायेवोत ५७ किलो गटात जागतिक कॅडेट (१५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या) स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. कुठल्याही वयोगटातल्या जागतिक ज्युदो स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. मूल ज्युदो शिकत असेल, तर त्या घरात अशी स्वप्नं पडणारच. त्या स्वप्नांवर दुकान चालवणारेही आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी एवढं तपासा.

आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ, म्हणजे आयजेएफ, आपल्या संकेतस्थळावर वर्षभराचं स्पर्धांचं कॅलेंडर देतो. आशियाई स्पर्धा ज्युदो युनियन ऑफ एशियाच्या यादीत असतात. तुमची स्पर्धा त्यात नसेल, तर ती भरवतंय कोण हे विचारायलाच हवं.

दुसरी खूण म्हणजे प्रवेशिका. आयजेएफच्या अधिकृत स्पर्धेत खेळाडू, पालक किंवा क्लब थेट नाव देऊ शकत नाहीत. नाव जातं ते राष्ट्रीय महासंघाकडूनच, आयजेएफच्या ‘ज्युदोबेस’ या नोंदणी प्रणालीतून. ‘तुमच्या मुलाची डायरेक्ट एंट्री करून देतो’ असं कोणी म्हणालं, निवड चाचणीचा पत्ता नाही, मुलाचं वजनही विचारलं नाही आणि पैसे मात्र कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागितले, तर तिथेच थांबा.

परदेशातल्या क्लबांच्या मैत्रीपूर्ण स्पर्धाही असतात आणि त्यातल्या काही चांगल्या असतात. अनुभवासाठी जरूर पाठवा. फक्त त्यातून सरकारी मदत, क्रीडा गुण किंवा देशाचं प्रतिनिधित्व मिळेल, असं धरून चालू नका.

२. वयोगट आणि वजनगट पक्का करा

वय मोजताना वाढदिवस बघत नाहीत, जन्मसाल बघतात. कॅडेट गट म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात १५, १६ किंवा १७ वर्षं पूर्ण करणारी मुलं. २०२६ साली याचा अर्थ २००९, २०१० आणि २०११ साली जन्मलेली. ज्युनिअर गट २० वर्षांपर्यंत. आपल्याकडे सब-ज्युनिअर म्हणून लहान मुलांचा गट असतो, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कॅडेटपासून सुरू होतात.

कॅडेट मुलांचे वजनगट ५०, ५५, ६०, ६६, ७३, ८१, ९० किलोपर्यंत आणि ९० च्या वर. मुलींचे ४०, ४४, ४८, ५२, ५७, ६३, ७० किलोपर्यंत आणि ७० च्या वर. ज्युनिअर आणि सीनिअरचे गट वेगळे आहेत. मूल कॅडेटमधून ज्युनिअरमध्ये गेलं की हा तक्ता पुन्हा बघा.

३. पासपोर्ट : सगळ्यात जास्त घोळ इथेच

निवड होण्याची वाट बघू नका. मूल राष्ट्रीय स्पर्धेत खेळू लागलं की पासपोर्टचा अर्ज भरून टाका. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रांची तपासणी पणजीत, आणि त्यानंतर पोलिस पडताळणी. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांच्या सहीचं ‘परिशिष्ट डी’ लागतं. बाबा किंवा आई आखातात नाहीतर जहाजावर नोकरीला असतील, आणि आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत, तर ती सही वेळेत कशी येणार याचा विचार आधीच करा. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. लहानपणी काढून कपाटात ठेवलेला पासपोर्ट बहुतेक वेळा संपलेला असतो. तारीख आजच बघा.

आता आडनावाचं. गोव्यात एकाच घरातल्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार सापडतात. आजोबांच्या जुन्या दाखल्यावर गावकरमधला ‘क’ ‘सी’ने लिहिलेला, वडिलांच्या आधारवर ‘के’ने, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मधला ‘यू’ जाऊन ‘ओ’ आलेला. देसाई एका कागदावर एका ‘एस’चा, दुसऱ्यावर दोन ‘एस’चा. नाईकाचंही तेच. राज्य स्पर्धेपर्यंत हे कोणी बघत नाही. परदेशी जाताना मात्र पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, ज्युदोबेसमधली नोंद आणि पाठीवर शिवायचा बॅकनंबर, या पाचही ठिकाणी नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. जन्मदाखला तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातून काढून घ्या, तो मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे सुधारून घ्या. याला वेळ लागतो. शाळेच्या दाखल्यातली दुरुस्ती तर मुलाने शाळा सोडण्याआधी केलेली बरी.

पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच ओळीत भरलेलंही दिसतं. मग तिकिटावर काय लिहायचं आणि बॅकनंबरवर काय छापायचं, हा प्रश्न उभा राहतो. रकाना नीट भरा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या राज्यातली. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. घरात कोणाची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये झालेली असेल, आई किंवा वडिलांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, किंवा मुलाची नोंद करायचं चाललं असेल, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी जाणकार वकिलाला आणि पासपोर्ट कार्यालयाला विचारा. यावर मत काय ठेवायचं तो प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न. पण निर्णय झाल्यावर ‘मुलाचं खेळणं थांबेल हे कोणी सांगितलंच नाही’ अशी वेळ कोणावर येऊ नये.

४. महासंघाची पत्रं, शाळा आणि पैसे

निवडपत्र हातात पडलं की त्याच्या प्रती काढून ठेवा. त्यावर स्पर्धेचं पूर्ण नाव, देश, शहर, तारखा आणि मुलाचा वजनगट असला पाहिजे. फोनवर ‘सिलेक्शन झालं’ एवढ्यावर तिकीट काढू नका.

खर्च सरकार किंवा महासंघ करणार की तुम्ही, हे लेखी विचारा. स्वखर्चाने जायचं असेल, तर विमानभाडं ही फक्त सुरुवात असते. प्रवेश शुल्क, व्हिसा, विमा, दोन गी, बॅकनंबर आणि हॉटेल यांची बेरीज करा. आयजेएफच्या स्पर्धांमध्ये संघाने आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायचं असतं. बाहेर स्वस्तात खोली घेऊन पैसे वाचवता येत नाहीत, कारण राहण्याची नोंदणी आणि स्पर्धेतला प्रवेश एकमेकांशी जोडलेले असतात. क्रीडा खात्याकडे आर्थिक मदतीचा अर्ज करायचा असेल, तर कांपालला जाऊन नमुना आणि अटी आधी समजून घ्या आणि अर्ज निघण्यापूर्वी द्या. परत आल्यावर दिलेल्या अर्जाचा पाठपुरावा करणं कठीण जातं. बोर्डिंग पास आणि पावत्या मात्र शेवटपर्यंत जपा.

शाळेत निवडपत्र जोडून रजेचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर गोवा बोर्डाचं वेळापत्रक आणि स्पर्धेच्या तारखा शेजारी ठेवून मुख्याध्यापकांशी बोला. सर आणि मॅडम मदत करतात, पण त्यांना आदल्या दिवशी सांगून चालत नाही.

५. व्हिसा

युरोपातली स्पर्धा असेल तर शेंगेन व्हिसा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते कमीत कमी पंधरा दिवस आधीपर्यंत मागता येतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावं लागतं. कुठल्या देशाचा अर्ज पणजीत घेतात आणि कुठल्यासाठी मुंबई गाठावी लागते, हे आधी बघा. मुंबईला जायचं तर मुलाचे सरावाचे दोन दिवस जातात. ते स्पर्धेच्या आठवड्यात जाऊ नयेत.

ना-नफा संस्थेने भरवलेल्या क्रीडा कार्यक्रमाला जाणाऱ्या, पंचवीस वर्षांपर्यंतच्या संस्था-प्रतिनिधींना शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ असतं. ज्युदो महासंघाचं पत्र जोडून ही सवलत मागा. आपण मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) देशात स्पर्धा असेल तर लस घ्यावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. त्यासाठी मुरगावच्या पोर्ट हेल्थ कार्यालयाकडे चौकशी करा.

एका फायलीत हे सगळं, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती :

– पासपोर्ट आणि त्याची रंगीत प्रत
– जन्मदाखला, मुलाचं व दोन्ही पालकांचं आधार
– महासंघाचं निवडपत्र आणि आयोजकांचं निमंत्रण
– अल्पवयीन असल्यास दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, ज्यात बरोबर जाणाऱ्या प्रशिक्षकाचं किंवा व्यवस्थापकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असेल
– शाळेचं ना हरकत पत्र
– विमा, परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद
– पालकांचे बँकेचे उतारे
– डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी असल्यास ती
– पासपोर्ट आकाराचे फोटो (व्हिसाच्या फोटोचं माप वेगळं असतं)

६. ज्युदोगी : दोन रंग, एक लेबल आणि आपला पावसाळा

राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत एक पांढरी गी चालून जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन लागतात, पांढरी आणि निळी. लढतीत ज्याचं नाव आधी पुकारतात तो पांढऱ्यात, दुसरा निळ्यात. परवडत असेल तर प्रत्येक रंगाची जादा एक घ्या. दोन खेळाडूंचं माप एक असेल तर जादा गी दोघांत मिळून घेता येते, आमच्याकडे पालक असंच करतात.

गीवर आयजेएफच्या मान्यतेचं लेबल हवं. कुठल्या कंपन्यांना मान्यता आहे याची यादी आयजेएफच्या संकेतस्थळावर असते. दिसायला हुबेहूब पण लेबल नसलेली गी बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळते. सरावाला ती उत्तम. स्पर्धेला नाही.

माप कसं घेतात ते घरी करून बघा. मुलाला दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर सरळ ताणून उभं करा. बाहीने मनगटासकट पूर्ण हात झाकला पाहिजे. स्पर्धेत ‘सोकुतेइकी’ नावाचं मोजमापाचं साधन असतं. ते बाहीत घालून मोकळी जागा पुरेशी आहे का, गळपट्टीची जाडी किती, हे बघतात. जाकिटाच्या दोन्ही बाजू समोर एकमेकींवर किमान २० सेंटिमीटर आल्या पाहिजेत. पॅण्ट घोट्याच्या वर जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर. पट्ट्याची गाठ मारल्यावर टोकं २० ते ३० सेंटिमीटर लोंबली पाहिजेत. मुलींनी आत पांढरा, साधा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालायचा आणि तो पॅण्टीत खोचता येईल एवढा लांब हवा. त्यावर मोठं चित्र किंवा अक्षरं नकोत.

नवी गी सुताची असते आणि धुतल्यावर आटते. दुकानात घालून बघितलेली बाही मनगटाखाली दोन बोटं उतरत होती, म्हणून पालक निर्धास्त होतात. तीन धुण्यांनंतर तीच बाही मनगटाचं हाड उघडं टाकते. म्हणून गी किमान महिनाभर आधी घ्या, थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, सावलीत वाळवा आणि मगच माप घ्या. पंधरा-सोळा वर्षांचं मूल तीन महिन्यांत उंच होतं. गेल्या वर्षीची गी बसते असं गृहीत धरू नका. मोजणीत गी नापास झाली तर धावपळ करून दुसरी घालावी लागते आणि प्रशिक्षकावरही कारवाई होते. पुकारा झालेल्या मुलाच्या मनाचं काय होतं, ते वेगळंच.

बॅकनंबर म्हणजे पाठीवर शिवायचा कापडी तुकडा, ज्यावर आडनाव आणि ‘आयएनडी’ ही देशाची अक्षरं असतात. तो अधिकृत पुरवठादाराकडूनच मागवावा लागतो. परदेशातून येतो, टपालाला वेळ लागतो. पासपोर्टावरचं आडनाव बघून मागवा, आणि आला की ओळखीच्या शिंप्याकडे चारही बाजूंनी पक्का शिवून घ्या. घरी सुईदोऱ्याने टाचलेला तुकडा पहिल्याच पकडीत उसवतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जाड सुती गी दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर गी पिशवीत कोंबली की काळे ठिपके धरते, आणि मग येतं गजकर्ण. हा खेळ अंगाला अंग लावून खेळायचा, त्यामुळे एका मुलाचं गजकर्ण पंधरा दिवसांत अर्ध्या क्लबला होतं. त्वचेचा संसर्ग दिसला तर स्पर्धेत खेळू न देण्याचा धोका असतो. सराव झाला की गी पिशवीतून लगेच काढा, पंख्याखाली बाह्या आणि पाय सुटे करून टांगा, आणि अंगावर गोल चट्टा दिसला तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मेडिकलवाल्याकडून मलम आणून आठवडे घालवू नका.

७. वजन : मुलाला उपाशी मारू नका

अधिकृत वजन सहसा लढतीच्या आदल्या संध्याकाळी घेतात. त्याआधी काही वेळ त्याच काट्यावर अनधिकृत वजन करून बघता येतं, कितीही वेळा. अधिकृत काट्यावर मात्र एकदाच चढायचं. पासपोर्ट आणि स्पर्धेचं ओळखपत्र दाखवायचं, काट्यावर उभं राहायचं, आकडा नोंदला जातो, संपलं. कॅडेट मुलं अंतर्वस्त्रांतच चढतात आणि त्यासाठी १०० ग्रॅमची सूट असते. त्या शंभर ग्रॅमवर गणित मांडू नका. आकडा गटाच्या वर गेला की स्पर्धा तिथेच संपते. तिकीट, व्हिसा, सगळा सराव, सगळं त्या काट्यावर राहतं.

दुसऱ्या सकाळी चिठ्ठीने निवडलेल्या काही खेळाडूंचं पुन्हा वजन घेतात. ते गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणजे ५५ किलोच्या मुलाला सकाळी ५७.७५ पर्यंत मुभा. घामावर तीन-चार किलो उतरवून रात्री ते परत भरून काढायचं, या जुन्या खेळीला आळा बसावा म्हणून हा नियम आहे, आणि तो अगदी योग्य आहे.

याबाबत माझं मत ठाम आहे. वाढत्या वयाच्या मुलाला वजन उतरवायला लावूच नये. प्लास्टिकचं जाकीट घालून भर उन्हात मिरामारच्या किनाऱ्यावर पळवणं, पाणी बंद करणं, थुंकायला लावणं, हे प्रकार अजून होतात आणि ते घातक आहेत. मूल गटाच्या मर्यादेपेक्षा हे करावं लागण्याइतकं वर असेल, तर ते पुढच्या गटातलंच मूल आहे. प्रशिक्षक काही म्हणोत, पालक म्हणून इथे तुम्ही बोललं पाहिजे. पाण्याशिवाय आलेलं मूल दुसऱ्या मिनिटाला दमतं आणि तोल गेल्यावर डोक्यावर पडतं.

किलो-दीड किलोचा फरक मात्र स्पर्धेआधीच्या दीड-दोन महिन्यांत जेवणातून सहज सांभाळता येतो. आपलं जेवण त्यासाठी वाईट नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी बेताचा भात आणि भाजलेला किंवा कढीतला मासा, संध्याकाळी सरावानंतर अंडी किंवा उसळ, आणि पाव मोजून. त्रास होतो तो चवथीच्या दिवसांत. पाहुणे, पंचखाद्य, तळलेल्या नेवऱ्या, आणि ‘एकच घे रे’ म्हणणारी मावशी. स्पर्धा सप्टेंबरात असेल तर घरातल्यांना आधी सांगून ठेवा की मुलाला आग्रह नको. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहायला लावा. आपला काटा खरा आहे का, हे दुसऱ्या दोन काट्यांवर ताडून बघा.

विमानप्रवासाने अंग फुगतं आणि काट्यावर थोडं जास्त दिसतं. गोव्यातून निघतानाच गटाच्या थोडं खाली असाल तर तिथे पोचल्यावर नीट जेवता येईल.

८. औषधं आणि ‘पावडर’

प्रतिबंधित द्रव्यांची जागतिक यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. ज्युदोत वजन कमी करायला काहीजण मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळ्या घेतात. त्या प्रतिबंधित आहेत, स्पर्धेच्या दिवशी आणि एरवीही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते स्पर्धेच्या वेळी ठरावीक प्रमाणाबाहेर सापडलं तर दोष धरतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनांनाही स्पर्धेच्या काळात बंदी आहे. गजकर्ण म्हणा, पाय मुरगळला म्हणा, डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मुलगा स्पर्धा खेळतो, उत्तेजक चाचणी होऊ शकते’ हे पहिलं वाक्य असू द्या. ‘नाडा’चं, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचं, ‘नो युअर मेडिसिन’ हे अ‍ॅप आहे, त्यात औषध शोधून बघता येतं.

दम्यासारख्या आजारासाठी कायमचं औषध चालू असेल तर वैद्यकीय सवलतीची परवानगी लागते का, हे महिनोन्महिने आधी विचारा. जिममधल्या कोणी दिलेली पावडर, डब्यावर घटकांची यादी नसलेलं चूर्ण, ‘नॅचरल आहे’ म्हणून दिलेली काळी गोळी, यातलं काहीही मुलाच्या पोटात जाता कामा नये. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूवरच येते, मग ते कोणीही दिलेलं असो. अल्पवयीन मुलाची चाचणी झाली तर बरोबर मोठं माणूस थांबू शकतं, हे मुलाला सांगून ठेवा. म्हणजे ते घाबरणार नाही.

९. पोचल्यावर

मोपाहून असो किंवा दाबोळीहून, गी आणि कागदांची फाइल हाताच्या सामानात घ्या. मोठी बॅग चुकली तर कपडे विकत मिळतात, बॅकनंबर शिवलेली गी मिळत नाही.

हातातल्या बॅगेत एवढं ठेवा :

– दोन्ही रंगांची गी आणि पट्टा
– मॅटपर्यंत चालत जायला चपला (अनवाणी फिरू देत नाहीत आणि बूट घालून मॅटवर जाता येत नाही)
– मुलींसाठी पांढरे टी-शर्ट, धातू नसलेले केसांचे रबर
– नेलकटर (केबिनमध्ये चालत नसेल तर मोठ्या बॅगेत), बोटांना लावायची चिकटपट्टी
– भडंग, चिक्की, खजूर, नेहमीचं सुकं खाणं
– पाण्याची रिकामी बाटली

तिथे गेल्यावर आधी नोंदणी होते, मग ओळखपत्रं मिळतात. नोंदणीच्या वेळी पडद्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि वजनगट स्वतः वाचा, चूक असेल तर तिथेच सांगा. त्यानंतर कोण कोणाशी लढणार याचा ड्रॉ निघतो. ड्रॉ बघून मुलासमोर ‘अरे बापरे, पहिलाच जपानी’ असं म्हणू नका.

१०. लढतीचा दिवस

लढत चार मिनिटांची. बरोबरी राहिली तर ‘गोल्डन स्कोर’ म्हणजे जादा वेळ, त्याला वेळेची मर्यादा नाही. नियम अधूनमधून बदलतात आणि जुने व्हिडिओ बघून शिकलेली मुलं इथे फसतात. २०२५ पासून ‘युको’ हा सगळ्यात लहान गुण परत आला आहे. जमिनीवर धरून ठेवल्यास ५ सेकंदांना युको, १० सेकंदांना वाझा-आरी हा त्याहून मोठा गुण, २० सेकंदांना इप्पॉन म्हणजे थेट विजय. म्हणजे सहाव्या सेकंदाला निसटलं तरी समोरच्याच्या खात्यात काहीतरी पडलेलं असतं. तीन शिदो, म्हणजे दंड, झाले की लढत गेली. उभ्या लढतीत पट्ट्याखाली हाताने पाय धरला तर दंड, आणि आपल्याकडे कुस्तीतून आलेल्या मुलांचा हात सवयीने तिकडे जातो. सरावातच ती सवय मोडून काढा.

गळपकडीत अडकल्यावर वेळेत हाताने थाप मारून हार मानायला मुलाला शिकवा. कॅडेट खेळाडू गळपकडीत शुद्ध हरपला तर त्याला त्या स्पर्धेत पुढे खेळू देत नाहीत.

आपली लढत हरलं म्हणून लगेच कपडे बदलू नका. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रेपेचाज या दुसऱ्या संधीच्या फेरीतून कांस्यपदकापर्यंत जाता येतं, आणि प्रत्येक गटात कांस्यपदकं दोन असतात. रेपेचाजच्या पुकाऱ्याची वेळ व्यवस्थापकांना विचारा, तोवर मुलाला गरम कपड्यांत ठेवा, थोडं खायला द्या. पालक गॅलरीत असतील तर तिथून सूचना ओरडू नका. मुलाला त्या कळत नाहीत, फक्त तुमचा आवाज चढलेला कळतो.

११. परत आल्यावर

सहभागाचं प्रमाणपत्र तिथून निघण्याआधी हातात घ्या आणि त्यावरचं नाव पासपोर्टाशी ताडून बघा. अधिकृत निकालाचं पान डाउनलोड करून छापून ठेवा. गोवा बोर्डाच्या क्रीडा गुणांसाठी शाळेमार्फत अर्ज जातो. त्याची मुदत शाळेच्या कार्यालयात विचारा, आणि प्रमाणपत्राबरोबर निवडपत्राची प्रत जोडा. खर्चाच्या मदतीचा अर्ज आधी दिलेला असेल तर बोर्डिंग पास, पावत्या आणि पासपोर्टावरच्या शिक्क्यांच्या प्रती त्याच फायलीला लावून कांपालला नेऊन द्या आणि पोच घ्या.

मान, खांदा किंवा डोकं दुखतंय असं मूल म्हणालं, तर सरावाला पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. स्पर्धेच्या भरात लागलेलं बरेचदा घरी आल्यावर जाणवतं. आणि पासपोर्ट पुन्हा कपाटात ठेवताना संपण्याची तारीख क्लबच्या वहीत लिहून द्या, म्हणजे पुढच्या निवडीच्या वेळी आम्हीच तुम्हाला आठवण करू.